हिरवळीची भूक

"लॉन पिवळं पडलंय, कुठलं खत टाकू?" हा प्रश्न रोपवाटिकेत, सोसायटीच्या बाग समितीत आणि कृषी सेवा केंद्रात वर्षभर विचारला जातो. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर एकच मिळते: एकोणीस-एकोणीस-एकोणीस. किलोभराची पिशवी घरी येते, आठवड्या-दीड आठवड्यात गवत गर्द होते, महिन्याभरात पुन्हा फिके पडते आणि दुसरी पिशवी आणली जाते. गवताला मुळात काय कमी पडत होते, हे या सगळ्यात कुणी पाहिलेलेच नसते. घरच्या हिरवळीला खत लागते, यात वाद नाही. पण कोणते, किती आणि कधी, याचा आपल्याकडचा हिशेब बराचसा उसना आहे. तो इथल्या गवतावरून, इथल्या मातीवरून आणि इथल्या पावसावरून नव्याने मांडला, तर खत निम्म्याने कमी लागेल आणि हिरवळ अधिक काळ टिकेल, असे माझे ठाम मत आहे.

कापून राखलेली हिरवळ ही कल्पना इंग्लंडच्या हवेतली. १८३० साली एडविन बडिंग याने ग्लॉस्टरशायरमध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले. तोवर कोयते चालवणाऱ्या मजुरांची फौज बाळगणाऱ्या जमीनदारांनाच परवडणारी ही चैन मग मध्यमवर्गाच्या अंगणात उतरली. छावण्या आणि सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांबरोबर ती आपल्याकडे आली, पण तिथली गवते इथे रुजली नाहीत. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंड हवेची गवते. पंधरा ते चोवीस अंशांत ती जोमाने वाढतात आणि उन्हाळ्यात मरगळतात. म्हणून तिथे मुख्य खत पानगळीच्या ऋतूत आणि थोडे वसंतात देतात. परदेशी पुस्तकांत आणि आयात केलेल्या खतांच्या पिशव्यांवर जे वेळापत्रक छापलेले असते, ते या गवतांचे.

आपली हिरवळ उष्ण हवेच्या गवतांची आहे. सत्तावीस ते पस्तीस अंश तापमान, भरपूर ऊन आणि मुळाशी ओल मिळाली की ती धावते. रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की तिची वाढ जवळजवळ थांबते. यातले मुख्य गवत म्हणजे आपली हराळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करून जिच्या काश्या वेचून बांधावर टाकतो, तीच. तिच्या बारीक पानांच्या निवडलेल्या जाती 'सिलेक्शन वन' वगैरे नावांनी विकल्या जातात. दुसरे 'कोरियन कार्पेट' किंवा 'मेक्सिकन कार्पेट' या नावांनी येणारे झॉयशिया हे दाट, सावकाश वाढणारे गवत. अर्धवट सावलीत रुंद पानांचे ॲक्सोनोपस लावतात, खारट पाण्याच्या जागी पॅस्पॅलम. या सगळ्यांची भूक सारखी नसते. हराळीच्या जाती खादाड आहेत. झॉयशिया तिच्या निम्म्या-पाऊण खतावर सुखात राहते, आणि तिला जास्त भरवले तर ती जमिनीवर मेलेल्या देठांची जाड गादी तयार करते. या गादीतून पुढे पाणी आत जात नाही, बुरशी मात्र तिथे मुक्काम करते. आपल्या अंगणात कोणते गवत आहे हे माहीत नसताना खताचे प्रमाण विचारण्यात अर्थ नाही.

आता प्रमाणाकडे वळू. गवत म्हणजे नुसती पाने. फळ नाही, दाणा नाही, त्यामुळे त्याची मागणी प्रामुख्याने नत्राची असते. कापलेले गवत वाळवून तपासले, तर त्यात साधारण चार टक्के नत्र, दोन टक्के पालाश आणि अर्धा टक्का स्फुरद सापडते. घरच्या हिरवळीला एका वेळी चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र ही वरची मर्यादा समजावी. वर्षभरात हराळीला दहा ते वीस ग्रॅम पुरते, झॉयशियाला पाच ते दहा. हे व्यवहारात असे उतरते: युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, म्हणजे हजार चौरस फुटांच्या हिरवळीला एका खेपेस एक किलो युरिया पुष्कळ झाला. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र साडेवीस टक्के, म्हणून तेच काम करायला सव्वादोन किलो लागेल. आपल्याकडे माळी मुठीच्या अंदाजाने खत टाकतात आणि त्यांचा हात सढळ असतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून आपली मूठ किती ग्रॅमची, हे माळीदादांबरोबर बसून ठरवले, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी एकोणीस टक्के असलेले खत? हजार चौरस फुटांना पाच ग्रॅमच्या हिशेबाने नत्र द्यायचे तर हे खत सुमारे अडीच किलो लागते. त्याबरोबर तेवढेच स्फुरद आणि तेवढेच पालाशही जमिनीत जाते. गवत त्यातल्या स्फुरदाचा जेमतेम चौथा हिस्सा उचलते. उरलेले मातीत साठते, लोह आणि जस्ताची उपलब्धता घटवते, किंवा माती वाहून गेली तर तिच्याबरोबर नाल्यात जाते. हे विद्राव्य खत द्राक्षबागेतल्या ठिबकसाठी उत्तम आहे. जुन्या, रुजलेल्या हिरवळीवर ते वर्षानुवर्षे ओतायला मी तरी सांगणार नाही. हीच गोष्ट पंधरा-पंधरा-पंधराची. स्फुरद खरोखर लागते ते नवी हिरवळ लावताना, मुळे धरेपर्यंत. तेव्हा सिंगल सुपर फॉस्फेट एकदा मातीत मिसळून दिले की पुढे माती परीक्षणात कमतरता दिसेपर्यंत त्याचा विचार करू नये.

देशावरच्या, बेसॉल्टच्या झिजेतून बनलेल्या काळ्या मातीत पालाश बहुधा मुबलक असते. कमतरता असते ती नत्राची, सेंद्रिय कर्बाची, आणि हिरवळीच्या दृष्टीने फार महत्त्वाची अशी लोहाची. लोह मातीत नसते असे नव्हे. पण मातीचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या पुढे गेला आणि चुनखडी असली, की ते मुळांना घेता येत नाही. शहरांत आणखी एक भर पडते. बांधकाम संपले की राडारोड्यावर सहा इंच लाल माती पसरून त्यावर गवताचे गालिचे अंथरतात. खालचे सिमेंट आणि चुना सामू चढता ठेवतात, आणि बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे त्यात आपली भर घालते. अशा जागी गवत पिवळे पडले की लोक युरिया टाकतात. गवत वाढते, कापावे लागते, पण पिवळेच राहते.

म्हणून खत आणण्याआधी गुडघे टेकून गवताकडे बघावे. खालची, जुनी पाने सबंध पिवळी आणि वरचा नवा शेंडा हिरवा असेल, तर नत्र कमी आहे, कारण वनस्पती जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते. उलट नवी पाने पिवळी, त्यांच्या शिरा हिरव्या आणि मधले पट्टे फिके दिसत असतील, तर लोहाची कमतरता. लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, त्यामुळे उपासमार आधी नव्या पानांना होते. हा एवढा फरक ओळखता आला तर कित्येक किलो युरिया वाचेल. लोहाला उपाय स्वस्त आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर बारीक फवारा द्यावा. थोड्याच दिवसांत रंग चढतो. फवारा फरशीवर किंवा भिंतीवर पडला तर गंजाचे डाग राहतात, तेवढे सांभाळावे. हिराकस चुनखडीच्या मातीत टाकून उपयोग नाही, तिथे ते लगेच अडकून बसते. चिलेटेड लोह मातीतून द्यायचे असेल तर पाकिटावर ईडीटीए लिहिले आहे की ईडीडीएचए, हे पाहून घ्यावे. पहिले आम्लधर्मी किंवा उदासीन मातीत चालते, चढ्या सामूत टिकते ते दुसरे, आणि ते महाग असते.

पिवळेपणाची बाकीची कारणे खताच्या पिशवीबाहेरची आहेत. यंत्राचे पाते बोथट असेल तर पानांचे शेंडे कापले न जाता फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ करडी दिसते. एका खेपेस पानाच्या उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त कापले, तर खालचे पांढुरके देठ उघडे पडतात. इमारतीच्या किंवा आंब्याच्या सावलीत हराळीला पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर नत्राने ती आणखी लुसलुशीत, लांब आणि कमकुवत होते. तिथे गवताचा आग्रह सोडून सावलीतली झाडे लावावीत. पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी गवत सुकत असेल तर मूठभर गवत धरून ओढून पाहावे. ते मुळांशिवाय गालिच्यासारखे उचलले गेले, तर खाली हुमणी आहे. वळवाच्या पावसानंतर बाहेर पडलेले भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मादी जमिनीत अंडी घालते. अर्धवट कुजलेले शेणखत तिला विशेष मानवते. उसाच्या पट्ट्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, शहरातल्या बागेत मात्र ही चूक दर वर्षी होते.

युरिया टाकल्यावर जमिनीत काय घडते, हे समजून घेतले की खत कधी द्यायचे याचे बरेचसे उत्तर आपोआप मिळते. मातीतल्या युरिएज या विकरामुळे युरियाचे अमोनियात रूपांतर होते. हे सारे पृष्ठभागावरच घडले, माती विम्लधर्मी असली आणि ऊन कडक असले, तर अमोनियाचा मोठा भाग हवेत उडून जातो. म्हणजे काळ्या मातीच्या हिरवळीवर मार्चच्या उन्हात युरिया फोकून संध्याकाळी पाणी द्यायला विसरणे, ही नत्र वाया घालवण्याची खात्रीची रीत. चुनखडीच्या मातीत अमोनियम सल्फेटमधूनही असाच अमोनिया उडतो, त्यामुळे खत बदलून ही काळजी टळत नाही. खत कोरड्या पानांवर द्यावे आणि लगेच तासाभरात सहा-सात मिलिमीटर पाणी देऊन ते मुळाशी उतरवावे. पुढे अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जाते. शिवाय काळी माती पावसाळ्यात चिबड झाली की हवेअभावी दुसरे जिवाणू याच नायट्रेटचे वायू करून टाकतात, आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. म्हणून भर पावसात, साचलेल्या पाण्यात खत देऊ नये. वाफसा आल्यावर द्यावे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

पावसाच्या सुरुवातीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे घाई फार होते. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर कुणी काही न टाकताही गवत आठवड्याभरात हिरवेगार होते. त्यात निव्वळ पाण्याचे श्रेय नाही. उन्हाळ्यात मातीतले असंख्य सूक्ष्मजीव मरतात, सेंद्रिय पदार्थ सुकून सुटे होतात, आणि पहिल्या ओलीबरोबर उरलेले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. त्यातून अडकलेले नत्र एकदम मोकळे होते. १९५० च्या दशकात केनियात काम करणाऱ्या बर्च या मृदाशास्त्रज्ञाने या घटनेचा नेटका अभ्यास केला, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या, कोरड्या उन्हाळ्याच्या देशात हा वार्षिक नैवेद्य ठरलेला आहे. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात युरिया घालणे, हे गवताचे ताट आधीच वाढलेले असताना त्यात आणखी वाढणे झाले. दोन-तीन आठवडे थांबावे. वाढ मंदावलेली दिसली तर जूनच्या अखेरीस किंवा जुलैत एखादी उघडीप साधून निम्मी मात्रा द्यावी. ऑगस्टमध्ये, पाऊस रेंगाळलेला आणि आभाळ भरलेले असताना जास्त नत्र दिले, तर पानांवर बुरशीचे ठिपके आणि तपकिरी डाग येतात.

देशावर वर्षाची मुख्य मात्रा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये द्यावी असे मला वाटते. पाऊस मागे हटलेला, माती ओली, ऊन लख्ख. ऑक्टोबर हीट आपल्याला नकोशी होते, हराळीला हवीशी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत नत्र पूर्ण बंद. पुण्यात, नाशकात, नगरला या दिवसांत गवत फिके, क्वचित तांबूस होते. तो त्याचा विसावा आहे. रंग हवाच असेल तर हिराकशीचा एखादा फवारा द्यावा, जमिनीत काही टाकू नये. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार होऊ लागल्या की अर्धी मात्रा चालते, पण पुढच्या तीन महिन्यांचे पाणी हाताशी असेल तरच. नत्राने पाने वाढतात आणि वाढलेली पाने पाणी मागतात. उन्हाळ्यात हजार चौरस फुटांच्या हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी ते दिवसाला साडेचारशे लिटरच्या वर जाते. ज्या वस्तीत एप्रिलमध्ये टँकर येतो, तिथे फेब्रुवारीत युरिया टाकणे हे शेजाऱ्याच्या घागरीतले पाणी मागण्यासारखे आहे. हराळीच्या काश्या जमिनीत जिवंत राहतात. वर तपकिरी झालेली हिरवळ जूनमध्ये परत येते. तिला उन्हाळाभर झोपू द्यायला हरकत नाही.

कोकण आणि गोव्यात हा सगळा हिशेब फिरतो. जांभ्याच्या मातीचा सामू पाच-सहाच्या आसपास असतो. लोह तिथे हवे तेवढे, पण चार महिन्यांत कोसळणारा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पालाश, चुना आणि नायट्रेट धुऊन नेतो, आणि स्फुरद लोह-अॅल्युमिनियमशी बांधले जाते. इथे हिराकशीवर खर्च करणे व्यर्थ. पालाश मात्र द्यावे, माती परीक्षणाप्रमाणे चुना द्यावा. चुलीची राख, जी देशावरच्या चढ्या सामूच्या मातीत टाकू नये, ती इथे पालाश आणि चुना दोन्ही देते. नत्र जूनमध्ये एकरकमी न देता पाऊस ओसरल्यावर थोडे थोडे, दोन-तीन हप्त्यांत द्यावे. आणि अमोनियम सल्फेट टाळावे.

हे शेवटचे सांगायला माझ्याकडे भक्कम आधार आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या गवताळ रानाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला वेगळे खत देणे सुरू केले. तो प्रयोग आजही चालू आहे. गवत आणि खत यांच्या नात्याबद्दल जगात याहून लांब पल्ल्याची नोंद नाही. ज्या तुकड्याला काहीच दिले नाही, तिथे आजही चाळीसच्या आसपास जातींची गवते आणि फुलझाडे नांदतात. ज्यांना स्फुरद-पालाश दिले पण नत्र दिले नाही, तिथे द्विदल वनस्पती वाढल्या, ज्या हवेतले नत्र स्वतः घेतात. आणि ज्यांना वर्षानुवर्षे भरपूर अमोनियम सल्फेट मिळाले, पण चुना मिळाला नाही, त्या मातीचा सामू चारच्याही खाली गेला. तिथे दोन-तीन जातींची गवते उरली, गांडुळे गेली, आणि न कुजलेल्या मृत गवताचा थर जमिनीवर साचला. काळ्या मातीत चुनखडी ही आम्लता पचवते, म्हणून तिथे गंधकासह मिळणारे हे खत मला युरियाहून बरे वाटते. जांभ्यात पचवायला काही नाही. तेच पोते घाटावर उपकार करते आणि घाटाखाली अपाय.

या प्रयोगाने माझ्यासारख्याला आणखी एक गोष्ट शिकवली. हिरवळीत जमिनीलगत पसरणारी, तीन पानांची रानमेथी दिसली की माळी तिला खुरप्याने काढतात. ती द्विदल आहे, नत्र जमवते. एकसारख्या गालिच्याचा हट्ट सोडता येत असेल तर तिला राहू द्यावे. लव्हाळ्याला मात्र ही सवलत नको. त्याला नत्र आवडते आणि खत वाढवले की आधी तोच फोफावतो.

सेंद्रिय खतांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, म्हणजे एक किलो युरियाइतके नत्र मिळवायला नव्वद-ब्याण्णव किलो शेणखत लागते, आणि त्यातलेही सगळे पहिल्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे रंगासाठी शेणखत हा उपाय नव्हे. पण कडक झालेल्या मातीत हवा खेळवणे, ओल धरणे, मोसमी पावसाबरोबर मोकळे होणारे ते नत्र साठवून ठेवणे, हे सगळे सेंद्रिय कर्बाचे काम आहे, आणि युरिया ते करू शकत नाही. आपल्या जुन्या माळ्यांची एक पद्धत होती, जी आता फारशी दिसत नाही. मेमध्ये गवत खुरप्याने जमिनीलगत खरवडायचे, दाताळ्याने मेलेले देठ ओढून काढायचे, काट्याने जमिनीला भोके पाडायची आणि मग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत, पोयटा आणि वाळू यांचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्यायचा. हजार चौरस फुटांना हे मिश्रण अर्धा घनमीटर लागते. माझ्या मते वर्षातले एकच काम करायचे असेल तर हे करावे. खत पूर्ण कुजलेले हवे: हातात घेतल्यावर गरम लागत नाही, वास येत नाही, काडी ओळखू येत नाही. नाहीतर हुमणीबरोबर गाजरगवताचे बीही घरात येते.

पेंडींचे स्थान वेगळे आहे. निंबोळी पेंडीत सुमारे पाच टक्के नत्र असते आणि ते सावकाश सुटते. हजार चौरस फुटांना दहा किलो पेंड, निम्मी पावसाच्या सुरुवातीला आणि निम्मी सप्टेंबरमध्ये, एवढ्यावर झॉयशियाची हिरवळ छान राहते. दोन-चार दिवस वास सहन करावा लागतो. जीवामृतात नत्र अगदी थोडे असते. ते द्यायचे तर द्यावे, पण खताच्या हिशेबात धरू नये.

कापलेल्या गवताचे काय करतो, यावर खताची गरज किती बदलते हे पाहिले की आश्चर्य वाटते. वारंवार आणि थोडे थोडे कापून ते बारीक तुकडे तिथेच पडू दिले, तर वर्षाच्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. आपल्याकडे ते गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकतात आणि पुन्हा पैसे देऊन युरिया आणतात. यंत्राची पिशवी काढून ठेवावी. पावसाळ्यात गवत ओले असताना त्याचे गोळे होतात, तेव्हा तेवढे उचलून कंपोस्टात घालावे.

खत पसरण्याची रीतही नीट हवी. दाणे एका जागी पडले की गवत भाजते. कुत्र्याने लघवी केलेल्या जागी मध्ये पिवळा डाग आणि भोवती गर्द हिरवे कडे दिसते, तो नत्राच्या अति आणि योग्य मात्रेचा एकाच जागचा नमुना आहे. ठरलेले खत चौपट-पाचपट कोरड्या वाळूत मिसळावे, त्याचे दोन भाग करावेत, एक उभा आणि एक आडवा फोकावा.

पोत्याच्या किमतीबद्दलही एक शब्द. पंचेचाळीस किलो युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण त्याच्या खऱ्या खर्चाचा फार मोठा भाग सरकार भरते, आणि तो शेतीसाठी भरते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा मुलामा देऊन येतो, त्याने नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो, हा हिरवळीलाही फायदाच. पण अंगणासाठी अनुदानाचे पोते घरात आणून ठेवणे मला पटत नाही. वर्षाला दोन-तीन किलोची गरज बागेच्या दुकानातल्या लहान पाकिटांतून किंवा पेंडीतून भागते. नॅनो युरियाबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो: २०२१ मध्ये आलेल्या पहिल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के नत्र होते, म्हणजे एकूण वीस ग्रॅम. तेवढ्या नत्राने पाच ग्रॅमच्या मात्रेप्रमाणे चार चौरस मीटर हिरवळ भागते. त्याच्या कार्यक्षमतेचा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे, अंगणाचे गणित एवढ्याने स्पष्ट व्हावे.

वाहून गेलेल्या खताचे काय होते हे अमेरिकेतल्या मिनेसोटाने पाहिले आहे. तळ्यांच्या त्या राज्यात पाण्यावर शेवाळ माजू लागले तेव्हा कायदा करून, २००५ पासून राज्यभर, जुन्या हिरवळींना स्फुरदयुक्त खत देणे बंद केले गेले. माती परीक्षणात कमतरता दिसली किंवा हिरवळ नवी असेल तरच परवानगी. आपल्या नद्यांतली जलपर्णी मुख्यतः सांडपाण्यावर पोसते हे खरे, पण ज्यांच्या बंगल्यांची उतरण थेट ओढ्याकडे आहे त्यांनी ओढ्याकडची दोन-तीन मीटर पट्टी खताविना सोडावी. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी तर नायट्रेट अधूनमधून तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

हे सगळे ज्यावर उभे आहे ते माती परीक्षण करायला फार थोडे लोक जातात. कृषी खात्याच्या प्रयोगशाळा, कृषी महाविद्यालये आणि बरीच कृषी विज्ञान केंद्रे नाममात्र शुल्कात ते करून देतात. नमुना मेमध्ये, शेणखताचा थर पसरण्याआधी घ्यावा, आणि त्याआधी दोन-तीन महिने हिरवळीला कोणतेही खत दिलेले नसावे. अंगणात दहा-बारा ठिकाणी गवताचा थर बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा चार-सहा इंच खोल खड्डा घ्यावा, त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो पाठवावी. सावलीचा कोपरा आणि राडारोड्याचा भाग यांचे नमुने वेगळे ठेवावेत. अहवाल आला की आधी सामू पाहावा, मग सेंद्रिय कर्ब, मग स्फुरद आणि पालाश. लोहाची तपासणी वेगळी सांगावी लागते, ती देशावरच्यांनी आवर्जून सांगावी. तीन वर्षांतून एकदा हे पुरते.